येथे अक्षर लागत नाही

माझा धंदा काय, हे मला सोयऱ्याधायऱ्यांना कधी धड समजावून सांगता आलं नाही. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, ‘‘आपण काय करता?’’ मी म्हटलं, ‘‘भाषांतर.’’ ते खूश झाले. ‘‘वा वा! कुठली पुस्तकं?’’ मी म्हटलं, ‘‘पुस्तकं नाहीत हो. खरेदीखतं, मृत्युपत्रं, शाळा सोडल्याचे दाखले.’’ त्यांचा चेहरा पडला. पुढं जेवणाची पानं मांडेपर्यंत ते माझ्याशी फक्त उकाड्याबद्दल बोलले.

तर एकदाचं सांगून टाकतो. आमचं धारवाड पूर्वी मुंबई इलाख्यात होतं. इथल्या कितीतरी घरांतले जुने कागद मराठीत आहेत, त्याहून जुने मोडीत. कोर्टाचा कारभार मात्र कन्नडमध्ये. आजोबांनी मराठीत लिहून ठेवलेलं नातवाला कोर्टात दाखवायचं असलं, तर ते कन्नडमध्ये उतरवून, खाली ‘मुळाबरहुकूम खरे भाषांतर’ असं लिहून, सही-शिक्का मारून द्यावं लागतं. ते आम्ही देत होतो. कोर्टासमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर आमची माडी होती. तीन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक जिना. जिना असा अरुंद की अंगानं भरलेल्या माणसाला आडवं होऊन चढावं लागे. आयुष्याची पस्तीस वर्षं मी त्या माडीवर घालवली.

लोकांना वाटतं, या कामात भाषा अवघड. छे! भाषा आम्हां हुबळी-धारवाडच्या मंडळींना दोन्ही येतात. आम्ही एका भाषेत चिडतो आणि दुसरीत समजूत घालतो. अवघड असतं ते अक्षर. कागद घडीवर फाटलेला, शाई पाण्यानं फुटलेली आणि लिहिणारा घाईत. अशा जागी करायचं काय? मी अंदाज करत होतो. मागचं-पुढचं बघायचं आणि ठोकून द्यायचं. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा, आणि त्याचा मला भारी गर्व होता. ‘रायरांना न लागणारं अक्षर अजून कुणी लिहिलं नाही’ असं वकील मंडळी म्हणायची. आमच्याकडं कुलकर्ण्या-देशपांड्यांना कन्नडमध्ये आदरानं ‘रायरु’ म्हणतात. मी कुलकर्णी. पण गल्लीत मला ते नाव कुणी घेतल्याचं आठवत नाही.

त्या माडीवर एस्तेर अक्का आल्या आणि माझ्या गर्वाचं घर हळूहळू खाली यायला लागलं.

अक्का हुबळीच्या केशवापूरच्या. घरची भाषा कन्नड, धर्मानं ख्रिस्ती. नवरा रेल्वेत फिटर होता, तो ऐन उमेदीत गेला. पदरी एक मुलगी. मराठी त्या लहानपणी शेजारच्या मराठी बिऱ्हाडात, त्या घरच्या काकूंसोबत शेवया वळता वळता शिकलेल्या. मोडी मी शिकवली, आणि वर्षभरात त्या माझ्याच चुका काढायला लागल्या. रोज सकाळी हुबळीहून बसनं यायच्या, चपला जिन्याखाली काढायच्या, आणि पहिला कागद समोर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रवासानं झोप लागली असेल. मी खाकरलो. त्यांनी डोळे उघडले.

‘‘प्रार्थना करत होते, रायरं.’’

‘‘बरं बरं. काय मागितलं?’’

‘‘आज खोटं लिहिलं जाऊ नये एवढंच.’’

‘‘एवढ्यासाठी रोज?’’

‘‘लिहावं रोज लागतं ना!’’

मी चहा मागवला.

त्यांच्या कामाच्या दोन पद्धती होत्या आणि दोन्हींनी मला सुरुवातीला वैताग आणला. एक म्हणजे, भाषांतर झालं की ते आणणाऱ्या माणसाला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायच्या. माणूस म्हणायचा, ‘‘अक्का, बस चुकेल.’’ अक्का म्हणायच्या, ‘‘पुढची मिळेल.’’ आणि दुसरी म्हणजे, जिथं अक्षर लागत नसे तिथं त्या अंदाज करत नसत. कंसात स्वच्छ लिहायच्या – येथे अक्षर लागत नाही. झालं! मी डोक्याला हात लावून बसायचो. ‘‘अहो अक्का, लोक आपल्याकडं अक्षर लावून घ्यायलाच येतात की!’’ त्या म्हणायच्या, ‘‘लागलं तर लावते की, रायरं. लागलं नाही ते लागलं म्हणून कसं लिहू?’’

एकदा एक गृहस्थ जुना शाळेचा दाखला घेऊन आले. जन्मवर्षाचा शेवटचा आकडा एक की नऊ ते कळत नव्हतं. मराठी एक आणि नऊ तशीही भावंडं, त्यात वर तेलाचा डाग. नऊ ठरला तर यांची नोकरी आठ वर्षांनी वाढणार. गृहस्थांनी लाइन बाजारातून पेढ्यांचा पुडा आणला होता, तो टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘अक्का, नऊच आहे तो. मी स्वतः जन्मलोय ना!’’ अक्कांनी भिंग लावून बघितलं, दाखला उजेडाला धरून बघितला, आणि लिहिलं – येथे अक्षर लागत नाही. गृहस्थ तणतणत उठले. अक्कांनी पुडा त्यांच्या हातात दिला, तर तो हलका! दोरा सुटलेला. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी ओठ पुसत होतो. काय सांगू, चार पेढे मी केव्हाच पोटात घातले होते. ‘‘रायरं,’’ त्या एवढंच म्हणाल्या. मी मुकाट्यानं जिना उतरलो, लाइन बाजार गाठला आणि नवा पुडा आणून त्या गृहस्थांच्या घरी पोचवला. त्या दिवसापासून माडीवर कुणी खाऊ आणला की मी आधी अक्कांच्या तोंडाकडं बघायचो.

आणखी एक सांगतो, कारण त्याचा पुढं संबंध आहे. एका चिवट अशिलाला मी आठ दिवस ‘उद्या’ सांगत होतो. तो जिना चढताना दिसला तसा मी कपाटाच्या मागं सरकलो आणि अक्कांना खुणावलं, मी नाही म्हणून सांगा. अशील आला. ‘‘रायरु आहेत का?’’ अक्का एक क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘आहेत. कपाटामागं आहेत. तुमचं काम झालेलं नाही म्हणून लाजतायत. परवा दुपारपर्यंत मी स्वतः करून देते.’’ मी अंगावरची धूळ झटकत बाहेर आलो. असा संतापलो होतो! अशील गेल्यावर मी तोंड सोडलं. ‘‘एवढंसं खोटं बोलला असता तर तुमचा स्वर्ग बुडाला असता?’’

‘‘स्वर्गाचं मला ठाऊक नाही,’’ अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘पण आज तुमच्यासाठी ‘नाही’ म्हटलं, तर उद्या मी ‘खरे’ म्हणून सही केलेली तुम्हाला तरी खरी वाटेल का?’’

माझा राग दोन दिवस टिकला. काम ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारी झालं होतं.

कोर्टाची गल्ली म्हणजे पुरुषांचं राज्य. एकटी बाई, विधवा, दिवसभर वकील-कारकुनांत वावरणारी. लोकांच्या जिभा वळवळायच्या राहतात होय? अक्कांनी पहिल्याच आठवड्यात आपलं टेबल जिन्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ओढून घेतलं. माडीचं दार कधी लोटू दिलं नाही. दुपारी वकील मंडळी जमली की चावट गोष्टी निघायच्या. मीही त्यात पुढं, खोटं कशाला बोलू? अक्कांनी कधी उपदेश केला नाही. गोष्ट सुरू झाली की हातातला कागद घेऊन त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायच्या, आणि हसणं संपलं की परत यायच्या. उन्हात बसायच्या हो! महिनाभरात आमच्या गोष्टी आटल्या. बाई उन्हात बसलीय आणि आपण पंख्याखाली दात काढतोय, हे कुणाला बरं वाटेल? मला त्यांनी धर्माचं एक पत्रकसुद्धा कधी दिलं नाही. एकदा मीच विचारलं, का नाही दिलं म्हणून. म्हणाल्या, ‘‘तुम्ही मागितलं नाही.’’

पण त्यांना देवी करून मखरात बसवणार नाही. मी एकदा म्हटलं, ‘‘अक्का, तुमच्या तोंडून खोटं निघतच नाही, तुम्हाला काय कष्ट?’’ तर केवढ्या चिडल्या! ‘‘कोण म्हणतं निघत नाही? जिभेच्या टोकावर असतं, रायरं. पोरीच्या शाळेत, बसमध्ये, चर्चमधल्या बायकांत, रोज असतं. म्हणून तर सांभाळावं लागतं.’’

आता मुख्य गोष्ट.

एका वकीलसाहेबांकडून – नाव घेत नाही, आमचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं – एक मराठी मृत्युपत्र आलं. सरस्वतीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका वारल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. धारवाडात दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढं पेरूचं झाड, एवढीच इस्टेट. मृत्युपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं, साक्षीदारांच्या सह्या घेऊन लिहिलेलं. त्यात मुख्य वाक्य एकच: ‘माझ्यामागं राहतं घर अण्णांच्या मुलीस द्यावं.’ अक्षर मोत्यासारखं. कुठंही अडायला नाही.

अक्कांनी कन्नडमध्ये लिहिलं, ‘अण्णन मगळिगे’. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. म्हणजे घर भावाच्या मुलीला. वकीलसाहेबांचं अशील तीच होती, सरस्वतीबाईंची हुबळीची भाची. तिला वाचून दाखवलं, तिनं मान डोलावली. खाली अक्कांनी ‘खरे भाषांतर’ म्हणून सही केली. त्याखाली ‘तपासले’ असं लिहून मी केली. माझ्याही घरात थोरल्या भावाला आम्ही अण्णाच म्हणत होतो. मला शंका यायचं कारणच नव्हतं. पाच मिनिटांचं काम.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एक म्हातारी जिना चढून आली. कठड्याला धरून, पायरीपायरीवर थांबत. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात कापडी पिशवी. तिला एक अर्ज टाइप करून हवा होता. अक्कांनी पाणी दिलं, बसवलं.

‘‘कसला अर्ज, आजी?’’

‘‘मुदत मागायचा. घर सोडायचंय. माझा वकील म्हणतो, आता काही उरलं नाही, पुढच्या तारखेला निकाल लागणार. मी म्हटलं, सोडते बाबा, पण उन्हाळा संपेपर्यंत राहू द्या. बासष्ट वर्षं राहिलेय मी तिथं. सामान फार नाही, पण जायचं कुठं ते बघायला नको का?’’

अक्का टाइप करायला बसल्या. नाव – गोदाबाई. शेजारीपाजारी गोदाक्का म्हणत. पत्ता. मग अक्कांनी विचारलं, ‘‘घर ज्यांच्या नावावर होतं त्या तुमच्या कोण?’’

म्हातारी हसली. ‘‘काय लिहावं? आई तिची वारली, मग माझी आई आली. सावत्र पडलो. बारा वर्षांनी मोठी होती माझ्यापेक्षा. शेवटची दुखणी मीच काढली तिची. पण जन्मात मला बहीण म्हणाली नाही. कुणी विचारलं, ही कोण, की म्हणायची, ‘अण्णांची मुलगी.’ तेच लिहा. अण्णांची मुलगी.’’

टाइपिंग थांबलं. मी मान वर केली.

‘‘अण्णा म्हणजे तुमचे थोरले भाऊ?’’ अक्कांचा आवाज मला ओळखू आला नाही.

‘‘भाऊ कसला! बाप माझा. तिचाही. भावाला आम्ही दादा म्हणत होतो.’’

सरस्वतीबाईंच्या मृत्युपत्रातलं ते वाक्य समोर दिसत होतं. अक्कांनी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. बराच वेळ त्या म्हातारीच्या पिशवीकडं बघत राहिल्या. त्या वेळी त्यांच्या मनात (येथे अक्षर लागत नाही).

मग त्या उठल्या, म्हातारीच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आजी, हा अर्ज देऊ नका. चूक माझी आहे. तुमच्या बहिणीनं घर तुम्हालाच दिलंय. मी ते चुकीचं लिहिलं.’’

गोदाक्कांना काही कळलं नाही. कन्नड त्या बोलत, पण वाचत नव्हत्या. त्यांच्या वकिलानं भाषांतर वाचून जे सांगितलं ते त्यांनी खरं मानलं होतं. अक्कांनी दोनदा समजावलं, तेव्हा म्हातारी इतकंच म्हणाली, ‘‘असं होय? मग आता?’’

‘‘आता मी कोर्टात सांगते.’’

म्हातारी जिना उतरली आणि मी अक्कांवर तुटून पडलो. आजही तो प्रसंग आठवला की मान खाली जाते, पण लिहायचं तर सगळं लिहायला हवं. मी म्हटलं, ‘‘डोकं ठिकाणावर आहे का? आपण काम कुणाकडून घेतलं? त्यांच्याच विरुद्ध साक्ष देणार? वकीलसाहेब उद्यापासून एक कागद पाठवणार नाहीत. आणि एक भाषांतर चुकीचं म्हटलं की आजवरची सगळी संशयात! अहो, अण्णा म्हणजे भाऊ होतो, बापही होतो. आपण एक घेतला. याला चूक म्हणत नाहीत.’’

‘‘काल म्हणाला असता तर मी गप्प बसले असते,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘आज मला माहीत झालंय.’’

मी घायकुतीला आलो होतो. नको ते बोललो. ‘‘तुमचा येशू क्षमा करतो ना? मग मागा की त्याच्याकडं, मनातल्या मनात. आणि गप्प बसा!’’

अक्कांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. ‘‘क्षमा तो करेल, रायरं. घर कोण देणार गोदाक्कांना?’’

मी छत्री उचलली आणि निघून गेलो. कुठं गेलो विचाराल तर कुठंच नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी गल्लीच्या टोकाला उसाच्या रसाच्या गाड्यावर तासभर बसलो होतो.

अक्कांनी त्याच दुपारी दोन्ही वकिलांना एकच पत्र लिहिलं. चूक काय, कशी कळली, सही कुणाची. वकीलसाहेब स्वतः माडीवर आले. आधी गोड बोलले, मग चढले. ‘‘अक्का, हे पत्र मागं घ्या. तुमच्या पोटावर पाय येईल.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘हौद्री, येईल.’’ म्हणजे ‘हो जी, येईल’. पुढं काही बोलल्या नाहीत. वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या टाचण्या गोळा करत होतो.

तारखेच्या दिवशी अक्का पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मी येणार नाही असं सांगून ठेवलं होतं, पण राहवलं नाही. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसलो. जे झालं ते कन्नडमध्ये, मी मराठीत सांगतो.

कारकुनानं देवाची शपथ घ्यायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, शपथ नको, प्रतिज्ञेवर सांगते. कायद्यात तशी सोय आहे. पण वकीलसाहेबांनी तेवढीच संधी साधली. ‘‘देवाला एवढं मानता आणि त्याची शपथ घेत नाही?’’

‘‘शपथ घेतल्यावरच खरं बोलायचं असेल तर बाकीच्या वेळी मी काय बोलते, असं होईल ना, साहेब?’’

न्यायाधीशांनी मान वर केली. मग त्यांनी प्रतिज्ञेवर साक्ष घेतली. अक्कांनी सगळं सांगितलं. उलटतपासणी सुरू झाली.

‘‘म्हणजे तुम्ही खोटा दाखला दिलात?’’

‘‘चुकीचा दिला. खाली ‘खरे’ लिहिलं होतं, म्हणून खोटाही झाला.’’

‘‘आतापर्यंत अशी किती भाषांतरं चुकीची केलीत?’’

‘‘माझ्या माहितीत एकही नाही. पण हेही माझ्या माहितीत नव्हतं.’’

कोर्टात कुजबुज झाली. आजवरचा धंदा त्या एका वाक्यात गेला, हे मला कळत होतं. आणि त्याहून खरं वाक्य मी त्या कोर्टात कधी ऐकलं नव्हतं, हेही कळत होतं.

‘‘हे दुसऱ्या कुणी तपासलं होतं?’’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘‘हो. आमच्या मालकांनी.’’

‘‘ते आज आलेत का?’’

अक्कांना मी दिसलो होतो की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की त्यांनी तोंड उघडलं. आणि मला कपाट आठवलं. त्या काय म्हणणार हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. त्यांना पुन्हा एकदा ते माझ्यासाठी म्हणावं लागू नये असं वाटलं. मी उठलो.

‘‘आहे, साहेब.’’

न्यायाधीशांनी मला पुढं बोलावलं, प्रतिज्ञा दिली आणि विचारलं, तुमच्या मराठीत अण्णा म्हणजे कोण? मी म्हटलं, ‘‘साहेब, आमच्या घरात थोरला भाऊ. आमच्या शेजारच्या घरात बाप. नुसत्या शब्दावरून सांगता येत नाही. त्या घरात काय म्हणत होते ते विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. अंदाज केला आणि ‘तपासले’ म्हणून सही केली.’’

न्यायाधीश थोडा वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी हुबळीच्या भाचीला उभं केलं. ‘‘तुमच्या आत्या तुमच्या वडिलांना काय म्हणत होत्या?’’

ती बाई पन्नाशीची असेल. तिच्या वकिलानं तिच्याकडं रोखून बघितलं. तिनं अक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग समोर बाकावर पिशवी घट्ट धरून बसलेल्या गोदाक्कांकडं.

‘‘दादा,’’ ती म्हणाली. मग अगदी हळू, ‘‘आणि आजोबांना अण्णा. हे मला आधी सुचलंच नाही.’’

खरंच सुचलं नसेल. तिच्यावर मी संशय घेत नाही. आम्हाला तरी कुठं सुचलं होतं?

घर गोदाक्कांचं राहिलं. निकालानंतर त्या पुन्हा जिना चढून आल्या. आम्हाला वाटलं, आभार मानायला. पण त्यांना मृत्युपत्रातल्या त्या एका वाक्याची झेरॉक्स हवी होती. कन्नड नको, मूळ मराठी, मोठं करून. अक्कांनी करून दिली. म्हातारीनं ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. ‘‘चार महिने मी तिला शिव्या घातल्या हो! म्हटलं, मरताना हाकलून गेली मला. आणि ती तर...’’ अक्का तिची पाठ चोळत बसल्या. मीही डोळे पुसले, लपवून नाही.

वकीलसाहेबांनी शब्द पाळला. वर्ष-दीड वर्ष माडीवर माशा मारत बसलो. जुनी भाषांतरं घेऊन लोक भांडायला आले. अक्कांनी कपाटातल्या सगळ्या प्रती काढल्या आणि जिथं जिथं अण्णा, अप्पा, अक्का, ताई असे शब्द होते ते सगळे कागद पुन्हा वाचले, लोकांच्या घरी जाऊन विचारलं. एकाच जागी आणखी एक चूक निघाली. ती माझी होती. आता आमच्या भाषांतरात नात्याचा शब्द आहे तसा ठेवतात आणि खाली टीप देतात, की घरी विचारून खात्री केली. मी माडी सोडली तरी तिथली मुलं अजून तसंच करतात. काम पुढं परत आलं, थोडं थोडं. वकीलसाहेबांचं मात्र आलं नाही.

दिवाळी अंकासाठी हे लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, अक्कांना न सांगता छापायला द्यायचं. पण त्यांच्याच हाताखाली राहिलेला माणूस मी. ज्याचा कागद त्याला वाचून दाखवायला हवा. मागच्या रविवारी बस पकडली आणि केशवापूरला गेलो. अक्का चर्चहून नुकत्याच आल्या होत्या. आता केस पूर्ण पांढरे, ऐकायला कमी येतं. त्यांच्या मुलीनं चहा ठेवला. मी मोठमोठ्यानं सगळं वाचलं. मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली होती.

मी आधी लिहिलं होतं, ‘पिंजऱ्यात अक्का न घाबरता उभ्या होत्या.’ तिथं त्यांनी हात वर केला. ‘‘ते काढा. घाबरले होते. कठडा धरला होता, तुम्हाला दिसलं नाही.’’ काढलं.

पेढ्यांच्या जागी म्हणाल्या, ‘‘चार नाही, पाच होते. दोरा मी बांधला होता, मला आठवतंय.’’ ते मी काढत नाही. चारच होते.

मग मी तो प्रसंग वाचला, गोदाक्का बाप म्हणाल्या आणि टाइपिंग थांबलं तो. तिथं मी सुंदर लिहिलं होतं. त्या वेळी अक्कांच्या मनात काय चाललं असेल, त्यांना आपल्या देवाचा कुठला शब्द आठवला असेल, त्यांनी निर्णय कसा घेतला असेल, चांगलं अर्धं पान भरून. मला स्वतःलाच वाचताना गहिवर येत होता. वाचून मान वर केली, तर अक्का माझ्याकडं बघत होत्या. तीच ती माडीवरची नजर.

‘‘रायरं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हा अंदाज आहे.’’

‘‘मग काय चाललं होतं मनात? सांगा, तसं लिहितो.’’

खिडकीबाहेर बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

‘‘गप्प बसावं, असंही आलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणखी काय काय होतं, मला आज सांगता येत नाही. माझंच मला लागत नाही.’’

मी खिशातून पेन काढलं, अर्ध्या पानावर आडवी रेघ मारली आणि त्या जागी कंस केला. कंसात काय लिहिलं ते तुम्ही वर वाचलंच आहे. मग कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मान हलवली.

‘‘हां,’’ अक्का म्हणाल्या, ‘‘आता खरं.’’